पाणबुडीचा कमांडर व्हायचं तर: खडकवासल्यापासून पेरिस्कोपपर्यंत

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवू. 'कमांडर' हा नौदलातला एक हुद्दा आहे आणि पाणबुडीचा ताबा असणं हे एक काम आहे. भारतीय नौदलाच्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीचा ताबा बहुधा कमांडर हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे असतो, पण बोटीवर (पाणबुडीवाले पाणबुडीला बोटच म्हणतात) त्याला सगळे 'कॅप्टन'च म्हणतात. कधी हुद्दाही कॅप्टनचाच असतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेली स्कॉर्पिन जातीची पहिली पाणबुडी 'आयएनएस कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत नौदलात आली, तेव्हा तिचा ताबा कॅप्टन एस. डी. मेहेंदळे यांच्याकडे होता. या लेखात 'कॅप्टन' हा शब्द येईल तो ताबा असणारा अधिकारी या अर्थानं.

दुसरी गोष्ट, आणि ही बारावीतच कळलेली बरी. पाणबुडीवर अभियंते असतात, विद्युत अधिकारी असतात, त्यांच्याही छातीवर पाणबुडीची परीक्षा पार केल्याचं डॉल्फिनचं चिन्ह असतं, पण ताबा फक्त एक्झिक्युटिव्ह, म्हणजे जहाज चालवणाऱ्या आणि लढवणाऱ्या, शाखेच्या अधिकाऱ्याला मिळतो. तांत्रिक शाखा घेऊन 'पुढं बघू' म्हणणाऱ्यांचं हे दार पहिल्याच दिवशी बंद होतं. तांत्रिक काम कमी प्रतीचं आहे असं नाही. मोठी आग लागली तर कॅप्टनची नजर आधी इंजिनिअर अधिकाऱ्याकडेच जाते. पण वाट वेगळी आहे.

आत शिरण्याच्या वाटा

सरळ वाट एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित, परीक्षा यूपीएससीची, वर्षातून दोनदा. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीला ६००, आणि मग ९०० गुणांची पाच दिवसांची एसएसबी मुलाखत. चुकलेल्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापले जातात, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून देणारा हुशार मुलगाही गणितात मागे पडतो. खडकवासल्याला तीन वर्षं आणि नंतर केरळमध्ये एळिमलाच्या नौदल अकादमीत एक वर्ष, असा हा प्रवास आहे.

दुसरी वाट दहा अधिक दोन बीटेक योजनेची. जेईई मेनचा क्रमांक, बारावीला पीसीएममध्ये किमान ७० टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत किमान ५० टक्के, आणि एसएसबी. पुढची चार वर्षं थेट एळिमलात. अभियांत्रिकीची पदवी हातात असेल तर यूपीएससीची सीडीएस परीक्षा.

महाराष्ट्रातल्या मुलांना एक सोय आहे आणि खेड्यापाड्यात ती अजून पुरेशी माहीत नाही. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय. राज्य सरकारची, १९७७ पासूनची, दहावीनंतर दोन वर्षं निवासी. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ची. मुलींनी मात्र त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाणबुडी शाखेबद्दल काय म्हटलंय ते ओळ न ओळ वाचावं. एनडीएचं दार उघडलं म्हणजे आतल्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली असं होत नाही.

वैद्यकीय तपासणीत लोक डोळ्यांची काळजी करतात आणि कान विसरतात. पाणबुडीत हवेचा दाब अचानक वरखाली होतो. सायनसचा जुना त्रास, पडद्याला भोक, नाक दाबून कानातला दाब सारखा न करता येणं, यांतलं काहीही असलं तर गाडी तिथंच अडते. रंगांधळेपण तर अजिबात चालत नाही. रात्री क्षितिजावर दिसणारा दिवा तांबडा की हिरवा, यावरून समोरचं जहाज कुठल्या दिशेनं चाललंय ते ठरतं.

बंद जागेची भीती आहे का, हे तपासायचा एक स्वस्त उपाय विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर उभा आहे. 'आयएनएस कुरसुरा' ही ९१ मीटर लांबीची फॉक्सट्रॉट जातीची निवृत्त पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. गर्दीच्या दिवशी जा. मधल्या गोल दारापाशी पुढं दहा माणसं आणि मागं दहा माणसं अडकलेली असताना छातीत काय होतं ते बघा.

डॉल्फिन: पाइप पाठ करण्याचं वर्ष

एळिमलाहून बाहेर पडल्यावर लगेच पाणबुडी मिळत नाही. आधी प्रशिक्षण जहाजं, मग युद्धनौका आणि तिच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथं) एकट्यानं पहारा सांभाळण्याचं प्रमाणपत्र. ते हातात आलं की पाणबुडी शाखेसाठी नाव द्यायचं. शिक्षण विशाखापट्टणमच्या 'आयएनएस सातवाहन' इथं होतं. काही महिने वर्ग, सिम्युलेटर आणि सुटकेचं प्रशिक्षण.

सुटकेच्या प्रशिक्षणात उंच पाण्याच्या टाकीत खालून वर यायचं असतं. त्यामागचं गणित डोक्यात ठेवा. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. ३० मीटरवर एकूण दाब चार वातावरणं, म्हणजे तिथं छातीत भरलेली ६ लिटर हवा वर येईपर्यंत २४ लिटर व्हायला बघते. हुडशिवाय (डोक्यावर हवा धरून ठेवणाऱ्या टोपीशिवाय) वर येताना श्वास रोखून धरला तर फुप्फुस फाटतं. म्हणून वर येताना सतत, अगदी हवा संपल्यासारखं वाटलं तरी, उच्छ्वास सोडत राहायचा. घाबरलेला माणूस नेमका उलट वागतो आणि तोंड घट्ट मिटून घेतो. प्रशिक्षक टाकीच्या भिंतीला लटकून प्रत्येकाच्या तोंडातून बुडबुडे येतायत का, तेच बघत असतात.

यानंतर शिकाऊ अधिकारी प्रत्यक्ष बोटीवर जातो, आणि इथं खरं काम सुरू होतं. उच्च दाबाची हवा, हायड्रॉलिक तेल, ट्रिमचं (बोटीचं वजन जुळवायचं) पाणी, बिल्ज (तळाशी साचणारं पाणी), बॅटरीचं वायुवीजन, डिझेलचं थंड पाणी, अशी एकेक प्रणाली घ्यायची आणि तिचा पाइप हातानं चाचपत टोकापर्यंत जायचं. मग कोऱ्या कागदावर तो आठवणीतून काढायचा, प्रत्येक व्हॉल्व्हसह. असं करा:

पहिल्या फेरीत फक्त पाइप बघा, व्हॉल्व्ह नका बघू. दुसऱ्या फेरीत व्हॉल्व्ह, त्यांचे क्रमांक आणि ते नेहमी उघडे असतात की बंद. तिसरी फेरी डोळ्यांवर पट्टी बांधून. दिवे गेले आणि धूर भरला की पट्टी बांधल्यासारखंच असतं. चौथ्या फेरीत त्या कप्प्यात काम करणाऱ्या नौसैनिकाला एकच प्रश्न विचारा, 'हे बिघडलं तर आधी काय होतं?' पंधरा वर्षं त्याच मशीनपाशी काढलेल्या माणसाकडून दहा मिनिटांत जे कळतं ते आकृतीत नसतं. स्वतःच्या खांद्यावरची पट्टी बघून हा प्रश्न विचारायला लाजणारे अधिकारी तोंडी परीक्षेत हमखास अडकतात.

शेवटी परीक्षकांची फेरी होते. ते पुढच्या पाणतीर (टॉर्पेडो) कक्षापासून मागच्या टोकापर्यंत तुमच्याबरोबर चालतात आणि कुठंही बोट ठेवून 'हे काय?' असं विचारतात. उत्तीर्ण झालात की डॉल्फिन. हा नियम स्वयंपाक्यापासून कॅप्टनपर्यंत सर्वांना सारखा आहे. आग लागते तेव्हा जवळ कोण असेल ते कुणालाच निवडता येत नाही.

आकडे, जे कंट्रोल रूममध्ये तोंडावर हवेत

डॉल्फिननंतरची आठ-दहा वर्षं पहारा अधिकारी, नॅव्हिगेटर, पाणतीर आणि सोनारचा (पाण्यातले आवाज ऐकून जहाजं हेरणाऱ्या यंत्रणेचा) अधिकारी, मग कार्यकारी अधिकारी, म्हणजे बोटीवरचा दुसरा माणूस, अशी जातात. या काळात जमवायची गोष्ट एकच. बोटीतलं पाणी, बॅटरी, हवा आणि बाहेरची जहाजं यांचं चालू गणित डोक्यात ठेवायचं, तेही दुसऱ्या कुणाशी बोलत असताना.

आधी ट्रिम. पाणबुडी बुडालेली असताना तिचं वजन आणि तिनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन तंतोतंत सारखं हवं. सिंधुघोष जातीची बोट पाण्याखाली सुमारे ३,००० टनांची असते. अरबी समुद्रात पाण्याची घनता घनमीटरला साधारण १,०२५ किलो. पावसाळ्यानंतर बंगालच्या उपसागरात, नद्यांच्या मुखांकडं, वरचं पाणी गोडं होत जातं. घनता १,०१५ वर आली तर फरक एक टक्क्याचा, पण बोटीच्या हिशेबात तो सुमारे ३० टनांचा. काहीही न बदलता बोट ३० टन जड झाली! वेग कमी असेल तर हायड्रोप्लेन, म्हणजे बोटीचे आडवे पंख, तेवढं वजन उचलून धरू शकत नाहीत आणि खोली वाढत जाते. म्हणून खारटपणा बदलणाऱ्या पाण्यात शिरण्याआधीच पंप तयार ठेवायचे. खोली वाढायला लागल्यावर पळापळ करायची नाही.

ट्रिम बिघडवणाऱ्या बारीक गोष्टीही असतात. इंधनाच्या टाकीत डिझेल संपेल तसं समुद्राचं पाणी भरत जातं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे दर १० टन डिझेल जळालं की बोट हलकी व्हायच्या ऐवजी २ टनांनी जड होते. नवखे अधिकारी इथं चिन्ह उलटं घेतात आणि चूक दुप्पट होते. खोल गेलं की पोलादी काया किंचित आकसते, विस्थापन घटतं, बोट पुन्हा जड. दहा माणसं मागच्या भागातून ४० मीटर पुढं जेवायला गेली तर नाक खाली झुकतं. म्हणून पेरिस्कोपच्या खोलीवर, म्हणजे पेरिस्कोप पाण्याबाहेर काढता येईल इतकंच खाली, असताना पहारा बदलायचा तर कंट्रोल रूमला विचारून, दोन-दोन माणसांनी.

पाणी आत आलं तर? १०० मीटर खोलीवर ५ सेंटिमीटर व्यासाचा एक पाइप फुटला तरी मिनिटाला तीन टनांच्या आसपास पाणी येतं, तेही कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आणि धुक्यासारख्या तुषारांत. तिथं भोक कुठं आहे ते दिसतच नाही. पाठ केलेला पाइप इथं कामाला येतो. सगळ्यांचा पहिला कल पाण्यानं भरलेल्या टाक्यांत हवा सोडून वर यायचा असतो. पण पृष्ठभागावर जेवढी हवा १०० घनमीटर पाणी बाहेर ढकलते, तेवढीच हवा २०० मीटरवर जेमतेम ५ घनमीटर ढकलते, कारण तिथं दाब २१ वातावरणांचा. म्हणून क्रम असा: वेग वाढवा, हायड्रोप्लेन वर, त्याच क्षणी गळतीच्या बाजूचे समुद्राचे व्हॉल्व्ह बंद, आणि हवा सोडायची ती बोट वर निघाल्यावर, किंवा वेग मिळतच नसेल तर लगेच. वेग असेल तर बोट पंखांवर वर येते. वेग गेला की सगळा भार उच्च दाबाच्या बाटल्यांतल्या हवेवर येतो, आणि ती मोजकीच असते.

बॅटरीचं गणित गृहिणीच्या महिनाअखेरीसारखं आहे. कलवरी जातीच्या बोटीत ३६० सेल असतात, प्रत्येक सुमारे ७५० किलोचा, म्हणजे २७० टन नुसती बॅटरी. सिंधुघोष जात ३ नॉटनं (तासाला ३ सागरी मैल) पाण्याखाली सुमारे ४०० सागरी मैल जाऊ शकते, म्हणजे साडेपाच दिवस. पण पाण्यात वेग दुप्पट केला की लागणारी शक्ती आठपट होते. पूर्ण वेगानं पळालात तर तासाभरात बॅटरी तळाला. हळू चालताना मात्र उलटी गंमत होते. मोटर इतकी कमी खाते की वातानुकूलन, पंप, सोनार आणि स्वयंपाकघर हाच मोठा खर्च ठरतो. एका वायुवीजन पंख्याचा वेग उतरवला तरी तासभर वाचतो. चांगला कॅप्टन 'बॅटरी किती टक्के?' असं विचारत नाही. तो विचारतो, 'आत्ता शत्रू दिसला तर पळायला किती मिनिटं आहेत?'

बॅटरी भरायला पेरिस्कोपच्या खोलीवर येऊन स्नॉर्टची, म्हणजे डिझेलला बाहेरची हवा देणारी, नळी वर काढावी लागते आणि डिझेल सुरू करावं लागतं. हा सर्वांत आवाजी आणि उघडा वेळ. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर लाट नळीच्या तोंडावर आली की झडप बंद होते आणि डिझेल बोटीतलीच हवा ओढतं. कान दुखतात, निर्वात वाढला तर इंजिन आपोआप थांबतं. झडप नीट बंद झाली नाही तर पाणी आत येतं. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाची पाणबुडी 'सान ह्वान' ४४ माणसांसह बुडाली. तिच्या शेवटच्या संदेशांत वायुवीजनाच्या मार्गानं समुद्राचं पाणी पुढच्या बॅटरीत शिरल्याचं आणि तिथं शॉर्टसर्किट झाल्याचं कळवलेलं होतं. म्हणून स्नॉर्ट संपल्यावर वायुवीजनाच्या नळीतलं पाणी काढलं का, हे तोंडी विचारून भागत नाही, निचऱ्याचा कॉक उघडून बघायचं असतं.

चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की स्फोटाला एक ठिणगी पुरते. त्याच्या पुष्कळ आधी, टक्का-दीड टक्क्यातच, चार्जिंग कमी करून हवा खेळवायची. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळ 'सिंधुरत्न' पाणबुडीच्या बॅटरी कप्प्याच्या परिसरात धूर झाला आणि दोन अधिकारी गेले. त्याआधी सहाच महिने, १४ ऑगस्ट २०१३ला, 'सिंधुरक्षक' पाणबुडी मुंबईच्या गोदीत स्फोटांनी बुडाली होती, अठरा जण गेले होते. बंदरात आहोत म्हणून सैल पडायचं नाही, हे सांगायला यापेक्षा वेगळं उदाहरण लागत नाही.

हवेचं साधं माप असं. विश्रांती घेणारा माणूस तासाला २० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. पन्नास माणसांचा तासाला एक घनमीटर. समजा आत मोकळी हवा ८०० घनमीटर, तर आठ तासांत प्रमाण एक टक्का चढलं. शोषक डबे बदलायची वेळ याच हिशेबानं ठरते. तीन टक्क्यांच्या पुढं डोकं दुखतं, जांभया येतात आणि माणसं बेरजा चुकतात. कॅप्टनही चुकतो आणि आपण चुकतोय हे त्याला कळत नाही, म्हणून आकडा लिहून समोर लावायचा. कडकडीत फोडणी आणि तळण टाळतात तेही याचमुळे. मोहरी तडतडली की धूर हवेत तरंगत राहतो. मराठी माणसाला बोटीवर सर्वांत आधी आठवते ती आमटीवरची फोडणीच.

पेरिस्कोपची परीक्षा

ताबा मिळण्याआधी कमांडिंग ऑफिसर क्वालिफाइंग कोर्स पार करावा लागतो. ब्रिटिश नौदलात याच धर्तीचा अभ्यासक्रम १९१७ पासून चालतो आणि त्याला 'पेरिशर' म्हणतात. इंग्रजीत 'पेरिश' म्हणजे नष्ट होणं, नावातच तो काय करतो ते आलं. आधी किनाऱ्यावरच्या सिम्युलेटरमध्ये, मग समुद्रात, युद्धनौका तुमच्या अंगावर धावून येतात आणि तुम्हाला पेरिस्कोपच्या खोलीवर राहून हल्ला साधायचा असतो. नापास झालेल्याला ताबा मिळत नाही.

पुस्तकी ज्ञान इथपर्यंत येणाऱ्या सगळ्यांकडे असतं. परीक्षा आहे ती चित्र डोक्यात टिकवण्याची. एक हिशेब करून बघा.

युद्धनौका आणि तुम्ही एकमेकांच्या जवळ येण्याचा वेग २५ नॉट. म्हणजे मिनिटाला सुमारे ७७० मीटर. पेरिस्कोपच्या खोलीवरून सुरक्षित खोलीवर जायला एक मिनिट लागतं असं धरू आणि एक मिनिट हाताशी ठेवू. दोन मिनिटांचे झाले साधारण १,५५० मीटर. याच्या आत ती येता कामा नये. आत्ता ती ६,००० मीटरवर आहे. मधलं अंतर ४,४५० मीटर, म्हणजे पावणेसहा मिनिटं. पण पावणेसहा मिनिटं थांबायचं नाही. तिनं वेग वाढवला असेल, अंतर मोजण्यात तुमची चूक असेल. निम्म्या वेळात, म्हणजे २ मिनिटं ५० सेकंदांनी, पुन्हा बघायचं. हे एका जहाजाचं. दुसरं ९,००० मीटरवर असेल तर त्याची वेळ वेगळी, तिसऱ्याची आणखी वेगळी. प्रत्येकासाठी एक स्टॉपवॉच, आणि मधेच एकानं दिशा बदलली की सगळं नव्यानं.

बघायचं तेही सहा-सात सेकंद. आधी कमी भिंगानं चहूबाजूंना एक झरझर फेरी, कारण ज्याच्याकडे बघत नव्हतो तेच जहाज बुडवतं. मग लक्ष्यावर जास्त भिंग, डोलकाठीच्या उंचीवरून अंतर, त्याचं नाक आपल्यापासून किती वळलंय तो कोन, आणि पेरिस्कोप खाली. बोटीचा वेग ३-४ नॉट ठेवा. त्याहून जास्त वेगात पेरिस्कोपमागं पांढरी रेघ उठते आणि वरच्या हेलिकॉप्टरला ती दिसते. पेरिस्कोपचं टोक पाण्यावर एक मीटर असेल तर तुमचं क्षितिज चारेक किलोमीटरवरच असतं. समोरच्या २५ मीटर उंच डोलकाठीचं टोक मात्र हवा स्वच्छ असेल तर २३ किलोमीटरवरून दिसू शकतं. म्हणून क्षितिजावर काहीच नाही असं वाटलं तरी काठ्या शोधा.

नापास होणाऱ्यांच्या चुका साधारण तीन तऱ्हांच्या. काही जण एकाच जहाजावर चिकटून राहतात. काही जण भीतीनं दर वेळी खोल जातात आणि हल्लाच होत नाही. तिसरे, आणि हे ओळखायला अवघड असतात, बरोबर निर्णय घेतात पण मनातच ठेवतात. कंट्रोल रूममधल्या माणसांना पुढं काय करायचंय हे कळत नाही आणि बोट दहा सेकंद उशिरा वळते. उपाय सोपा आहे पण सवयीचा आहे. दर निरीक्षणानंतर एका वाक्यात मोठ्यानं सांगा: 'लक्ष्य डावीकडे जातंय, अंतर पाच हजार, पुढची नजर तीन मिनिटांनी, धोका मागच्या फ्रिगेटचा.'

खोलीवरून वर येणं हाही परीक्षेचाच भाग. मोठ्या तेलवाहू जहाजाचा तळ पाण्यात २० ते २५ मीटर असतो, तळापासून वरच्या मनोऱ्याच्या टोकापर्यंत तुमची बोट साधारण १५ मीटर उंच. म्हणून ५० मीटरच्या आसपासची खोली निर्धास्त आणि त्याच्या वरचा पट्टा धोक्याचा. तिथं रेंगाळायचं नाही. वर येण्याआधी बोट वळवून मागची बाजूही सोनारनं ऐकायची, कारण आपल्याच पंख्याच्या आवाजानं शेपटीकडचा भाग बहिरा असतो. एखाद्या आवाजाची दिशा बदलत नसेल आणि तो वाढत असेल तर तो टक्करीच्या वाटेवर आहे. इंजिन बंद करून जाळं टाकून बसलेला ट्रॉलर मात्र आवाजच करत नाही, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर असे हजारो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर पाणबुडी आणि मासेमारी बोट यांची टक्कर झाली. मासेमारी बोटीवरच्या १३ जणांपैकी ११ वाचवले गेले. मच्छीमारांच्या हंगामाचं वेळापत्रक, पौर्णिमा-अमावास्या आणि कोणत्या गावच्या बोटी किती आत जातात, हे नकाशाइतकंच महत्त्वाचं वाचन आहे.

ताबा घेतल्यावर

पहिल्या दिवशी काय करायचं, याचा क्रम: मागच्या कॅप्टनबरोबर बसून ट्रिमची वही आणि बॅटरीच्या सेलच्या नोंदी बघा. कुठल्या सेलचं तापमान इतरांपेक्षा वर असतं ते विचारा. उच्च दाबाच्या हवेच्या बाटल्यांची तपासणी कधी झाली, सुटकेचे हॅच शेवटचे कधी उघडून बघितले, कुठल्या दुरुस्त्या 'पुढच्या वेळी' म्हणून ढकलल्या गेल्यात, तेही विचारा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. ढकललेल्या दुरुस्त्यांच्या यादीत बोटीचा स्वभाव कळतो.

मग रात्रीच्या आदेशांची वही. कॅप्टनची केबिन कंट्रोल रूमला लागून असते, पण तो चोवीस तास जागू शकत नाही. कधी उठवायचं ते आकड्यांत लिहा. 'गरज वाटल्यास उठवा' हा आदेश नाही. त्यातून पहारा अधिकाऱ्याची झोपही जाते आणि तुमचीही. 'कुठलाही संपर्क ४,००० मीटरच्या आत येण्याची शक्यता दिसली, खोलीत २ मीटरपेक्षा जास्त अनपेक्षित फरक पडला, हायड्रोजन १ टक्का झाला, किंवा तुम्ही दोनदा विचार करताय असं वाटलं, तर उठवा,' असं लिहा. आणि रात्री तिसऱ्यांदा क्षुल्लक कारणासाठी उठवलं तरी आवाज चढवू नका. एकदा चढवलात की चौथ्या वेळी, जेव्हा खरंच उठवायला हवं होतं तेव्हा, तुम्हाला कुणी उठवणार नाही.

किनाऱ्याशी बोलणं एकतर्फी असतं. अतिशय कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरींचे संदेश तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीजवळच्या 'आयएनएस कट्टबोम्मन' केंद्रातून येतात आणि पाण्यात काही मीटर खोलवर पोचतात. उत्तर द्यायचं तर अँटेना वर काढावा लागतो, म्हणून उत्तर सहसा दिलंच जात नाही. घरच्यांना हे आधीच नीट समजावून सांगा. 'फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे' हे वाक्य आई-वडिलांच्या पचनी पडायला दोन-तीन सफरी लागतात. घरातले आर्थिक व्यवहार, मुलांच्या शाळेच्या सह्या, आजारपणात कुणाला बोलवायचं, हे सगळं कागदावर लिहून, जोडीदाराच्या नावे अधिकारपत्र करून जा. मुंबईत कुलाब्याला आणि विशाखापट्टणमला नौदलाच्या वसाहतीत शेजारच्या घरीही पाणबुडीवालाच असतो, आणि ती शेजारीण कुठल्याही कल्याण योजनेपेक्षा जास्त कामाला येते.

ताबा साधारण दीड-दोन वर्षांचा. नंतर किनाऱ्यावरची कामं, मुख्यालय, मोठी जहाजं, प्रशिक्षण, आणि काहींना पाणबुडी शाखेची वरची पदं. पाणबुडी शाखेतून आलेले ॲडमिरल विजयसिंह शेखावत १९९३ ते १९९६ या काळात नौदलप्रमुख होते.

पण ते पुढचं. नव्या कॅप्टननं पहिल्या आठवड्यात एकदा तरी उथळ, मोकळ्या पाण्यात, दिवसाउजेडी ट्रिमसाठी डुबकी घ्यावी. वेग ३ नॉट, हायड्रोप्लेन मध्यावर, आणि पाच मिनिटं कुणी कुठं हलायचं नाही. खोली एका मीटरच्या आत टिकली तर टाक्यांचे आकडे वहीत लिहून पुढं जायचं. नाही टिकली, तर पंप सुरू करण्याआधी सामान आणि खाण्याच्या साठ्याची यादी मागवा. कांद्याबटाट्याची दोन टनांची पोती ठरलेल्या जागेऐवजी मागच्या कक्षात रचलेली सापडण्याची शक्यता बरीच असते.